तारखेवारी की उक्तं

माझा घटस्फोटाचा खटला तीन वर्षांहून जास्त चालला. त्या काळात मी कुणावर सर्वांत जास्त जळले असेन, तर माझ्याच वकिलांकडे येणाऱ्या एका फुलवालीवर. तिच्या रूपावर नाही, तिच्या वयावर नाही, नशिबावर तर मुळीच नाही. ती वकिलांना फी कशी देते, यावर मी जळत होते. आमच्या शाळेतल्या बायकांना हे सांगितलं असतं तर त्या डब्याच्या सुट्टीत आठवडाभर हसल्या असत्या, म्हणून कुणाला सांगितलं नाही. आता निवृत्त होऊनही पुष्कळ वर्षं झाली आणि हसणाऱ्यांपैकी निम्म्या जणी कवळी लावतात, तेव्हा सांगायला हरकत नाही.

मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायचे. बिऱ्हाड नारायण पेठेत, दोन खोल्यांचं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. नवरा एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये नोकरीला होता. एका रविवारी त्यानं चहा घेतला, पेपरची नीट घडी केली आणि म्हणाला, "मला आता इथे राहायचं नाही."

मी विचारलं, "मग कुठे राहायचंय?"

"येरवड्याला खोली बघितली आहे."

"येरवड्याला?" मी म्हटलं. "तिथे लोकांना पाठवावं लागतं. आपण होऊन कोण जातं?"

एरवी तो हसला असता. त्या दिवशी हसला नाही, तेव्हा मला कळलं की प्रकरण खरं आहे.

पुढचा महिनाभर मी दुसरी बाई शोधली. त्याचे राहिलेले शर्ट झटकले, जुन्या डायऱ्या वाचल्या, त्याच्या ऑफिसातल्या टायपिस्टची चौकशी केली. ती तीन नातवंडांची आजी निघाली. शेवटी थंडीची रजई द्यायचं निमित्त काढून मी येरवड्याच्या खोलीवर गेले. एक खाट, एक स्टोव्ह, खिडकीत वाळत घातलेला पंचा आणि फळीवर एकच कप. मला चहा द्यायचा तर त्याला शेजारून कप मागून आणावा लागला. तो मला सोडून कुणाकडेच गेला नव्हता. सवत असती तर तिला नावं ठेवली असती, तिच्या नाकाडोळ्यांची चिरफाड केली असती, चारचौघींत रडले असते. एका कपावर कसं जळायचं? पण जळत तर होते. ते सगळं आतल्या आत साठत राहिलं आणि कुणावर तरी पडायची वाट बघत बसलं.

मग त्याच्या वकिलांची नोटीस आली, आणि पाठोपाठ कोर्टाचा समन्स.

हे आधीच सांगून टाकते: मला तो परत हवा होता. स्वाभिमान वगैरे शब्द मला शिकवायला येतात, पण घरी आल्यावर दोन माणसांचा कुकर एका माणसासाठी लावणं माझ्या जिवावर यायचं. मला खटला जिंकायचा नव्हता आणि हरायचा तर नव्हताच. कुणीतरी मोठ्या माणसानं त्याला समोर बसवून चार शब्द सुनवावेत आणि घरी पाठवून द्यावं, एवढंच मला हवं होतं.

वकिलांचं ऑफिस लक्ष्मी रोडच्या मागच्या बोळात, एका कापडाच्या दुकानाच्या वर होतं. बाहेरच्या खोलीत बाकडं आणि कारकुनाचं टेबल. आत, अर्ध्या उंचीच्या लाकडी पार्टिशनमागे वकील. पार्टिशन अर्धंच असल्यामुळे आतलं सगळं बाहेर ऐकू यायचं, आणि ऐकत नसल्याचं दाखवायची जबाबदारी बाकड्यावर बसलेल्यांची.

वकील पन्नाशीचे होते. चष्मा कायम कपाळावर. माझे कागद त्यांनी चष्मा खाली घेऊन वाचले आणि पुन्हा वर ढकलला.

"मॅडम, लढायचंय की सोडायचंय?"

"सोडायचं नाही."

"म्हणजे लढायचं."

"लढायचंही नाही. त्यांना समज द्यायची."

वकिलांनी कारकुनाला हाक मारली. मग ते फीविषयी काहीतरी बोलले. आमच्या माहेरी डॉक्टर, मास्तर आणि वकील यांना फी विचारायची नाही अशी रीत होती. ते सांगतील ती पाकिटात घालून, दुसरीकडे बघत टेबलावर ठेवायची. तीच मी मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी तीन गाळे फिरायचे, आणि चार आणे कमी झाले की लढाई जिंकल्यासारखी घरी यायचे. पण वकिलांपुढे मी सगळ्याला "हो, हो, चालेल" म्हणत गेले. कारकुनानं एक अर्धा कागद पुढे केला. त्यावर मी एक ओळ लिहून सही केली. त्या वेळी माझं लक्षच नव्हतं, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत असे.

फीचा खरा अर्थ मला तारखा सुरू झाल्यावर कळला. तारखेला अडीचशे. वकील कोर्टात उभे राहून दोन वाक्यं बोलले तरी अडीचशे, पाऊण तास बोलले तरी अडीचशे. समोरचे वकील आले नाहीत आणि पुढची मुदत पडली, तरी अडीचशे, कारण आमचे आले होते. आमचे दुसऱ्या कोर्टात अडकले आणि त्यांच्या जागी काल सनद मिळालेला ज्युनिअर उभा राहिला, तरी अडीचशे. कैफियत, म्हणजे नवऱ्याच्या अर्जाला लेखी उत्तर, लिहिण्याचे दीड हजार निराळे. टायपिंगचे पानामागे, झेरॉक्सचे प्रतीमागे, कोर्ट फीची तिकिटं माझी मी आणायची.

एकदा मी न राहवून कारकुनाला विचारलं, "अहो, आज तर काहीच झालं नाही. त्याचेही अडीचशे?"

"मॅडम," तो शांतपणे म्हणाला, "काही झालं नाही हे बघायलाही कुणाला तरी जावं लागतं."

मी पाकीट दिलं. त्यानं ते वकिलांच्या डायरीत त्या तारखेच्या पानात ठेवलं आणि माझ्या नावासमोर पेन्सिलीनं टिंब काढलं. वकिलांनी स्वतः कधी पाकिटाला हात लावला नाही.

तारखेच्या दिवशी मी अर्धी रजा टाकून शिवाजीनगरला जायचे. कौटुंबिक न्यायालयाच्या व्हरांड्यात आम्ही सगळे पुकाऱ्याची वाट बघत बसायचो. मी या बाकावर, नवरा समोरच्या बाकावर. वकिलांची नजर नसली की तो उठून जवळ यायचा.

"बरी आहेस ना?"

"आहे."

"गॅसचा नंबर लावलास?"

"लावला."

"नळाचा वॉशर बदलून घे. पावसाळ्यात तो गळतो."

"हो."

एवढंच. मग पुकारा व्हायचा, मुदत पडायची, आणि तो आपल्या बसनं जायचा, मी माझ्या. पण वॉशरबद्दलचं ते एक वाक्य मला पुढच्या तारखेपर्यंत पुरायचं. मी वॉशर मुद्दाम बदलला नाही, म्हणजे पुढच्या वेळी विचारेल.

अशी दोन वर्षं गेली, आणि मग फुलवाली आली.

मी बाहेरच्या खोलीत पंख्याखालच्या खुर्चीत बसले होते. ती जिना चढून आली ती शेवंतीचा भारा घेऊनच. मुंढव्याची होती. गाव पुण्यात आलं तरी घरचा मळा शाबूत होता, आणि मार्केट यार्डात भावाच्या गाळ्यावर ती स्वतः फुलांचा सौदा करायची. वय माझ्याएवढंच, पस्तिशीचं. नवरा लोणीकडचा. त्यानं दुसरं घर केलं होतं आणि दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बसून ठरवलं होतं की आता दोघांनी संमतीनं मोकळं व्हावं. मला मेलीला शोधून शोधून सवत सापडली नव्हती, आणि हिला ती घरबसल्या मिळाली होती. माझ्या जळण्याची सुरुवात तिथूनच झाली.

ती आत गेली आणि पार्टिशनवरून आवाज येऊ लागले.

"वकीलसायेब, समदं मिळून किती?"

"तसं नसतं ताई. वकीलपत्राचे वेगळे, मग तारखेला—"

"तारखेचं नगा सांगू. ढीग लागला की मी फुलं मोजत न्हाय बसत. ढिगाचं बोलायचं. कागद, टायपिंग, तिकिटं, तुमचं येनं-जानं, समदं धरून उक्तं सांगा."

उक्तं, म्हणजे सगळ्या कामाचे मिळून एकच ठरलेले पैसे. काम लवकर संपो की उशिरा, पैसे तेवढेच. घराला रंग देणारे तसं काम घेतात हे मला ठाऊक होतं. वकीलही घेतात, हे मी त्या दिवशी ऐकलं. निदान मला तसं वाटलं.

"सात हजार," वकील म्हणाले.

"चार."

"अहो, ही काय भाजी आहे?"

"भाजी न्हाईच. भाजी उद्या तरी खपती. फुलांचं गिऱ्हाईक हाय मी. आज न्हाय इकलं तर उद्या कचऱ्यात. मला लौकर मोकळं व्हायचंय."

आणि वकील हसले. चांगले मोठ्यानं हसले. दोन वर्षं मी त्यांच्याकडे जात होते, मला वाटायचं त्या माणसाला हसायला येतच नाही. पाच हजारांवर सौदा पटला. निम्मे लगेच, निम्मे कोर्टाचा हुकूम हातात पडल्यावर. माझ्याकडे दोन वर्षं "बसा मॅडम" म्हणणाऱ्या गृहस्थांनी तिला "या ताई, चहा घेऊन जा" म्हटलं. पुढच्या खेपेला गेले तर तिची शेवंती टेबलावर तांब्यात ठेवलेली, आणि वकील स्वतःच्या हातानं फुलांवर पाणी शिंपडत होते. माझ्या पाकिटांना त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं.

मी जळले म्हणजे किती जळले! त्या दिवसापासून ती यायच्या वेळा मी पाठ केल्या. ती येणार असेल तर आधी जाऊन पंख्याखालची खुर्ची धरायची. ती काही विचारायला लागली की पर्समधून वह्या काढून तपासायला घ्यायच्या. रात्रीच्या भाकरीला पीठ मळतानासुद्धा डोक्यात तेच: तिला पाच हजारांत सुटका, मला अडीचशे अडीचशे करत कुठवर? ती सातवी नापास, मी बी.ए. बी.एड. ती भाव करते आणि तिला चहा मिळतो. मी सभ्यपणे मान खाली घालून पाकीट ठेवते आणि मला पुढची तारीख मिळते.

मग मी एक गोष्ट केली. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

दसरा जवळ आला होता. मी ऑफिसातून निघताना कारकून म्हणाला, "मॅडम, त्या फुलवाल्या ताई उद्या मंडईत माल टाकायला येणार आहेत. तुम्ही रोज तिकडून जाता ना? भेटल्या तर सांगा, सोमवारची त्यांची सही आता गुरुवारी घ्यायची आहे. त्यांच्याकडे फोन नाही." दुसऱ्या दिवशी ती मला खरंच दिसली. टेम्पोच्या फाळक्यावर उभी राहून झेंडूची पोती उतरवून घेत होती. तिनं मला पाहून हातही केला. मीही हात केला, आणि कोथिंबीर घेऊन सरळ घरी आले.

सोमवारी मी मुद्दाम ऑफिसात गेले. काम काही नव्हतं. ऐन दसऱ्याचा बाजार, झेंडूला सोन्याचा भाव, आणि ती सगळं भावावर टाकून जिना चढत आली. कारकून कपाळाला हात लावून म्हणाला, "ताई, निरोप नाही मिळाला का?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "गर्दीत दिसल्या नाहीत हो." खोटं मला किती सहज बोलता आलं याचं मलाच नवल वाटलं.

ती रागावेल, निदान चार शिव्या हासडेल, अशी माझी अपेक्षा होती. ती पदरानं घाम पुसत बाकड्यावर बसली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. एक खेप गेली. उक्त्यात हाय न्हवं, पैसं काय वाढत न्हाईत." एका हेलपाट्याचं नुकसान झालं, आणि त्यातही तिला वकिलांना जास्तीचा एक रुपया द्यावा लागणार नव्हता. मला तेही सहन झालं नाही.

मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. दुसऱ्या दिवशी माझी तारीख होती आणि मी इस्त्रीवाल्याकडून साडी घेऊन तशीच तिथे गेले होते. मोरपंखी रंगाची, खास त्याच दिवसासाठी काढलेली. ती साडी मांडीवर होती.

"ताई, एक इचारू? राग नगा मानू."

"विचारा."

"तुमी तारखेला जाता का लग्नाला?"

मी साडीची घडी पर्सखाली सरकवली.

"मागल्या बारीला बी कोर्टात तुमाला बघितलं. केसात गजरा हुता. माझ्याच मालातला असंल," ती म्हणाली. "मी आपली जाती ती कामाच्या लुगड्यावर. सुटायचं असलेली बाई नटून जात न्हाय."

मी वह्या काढल्या आणि तपासायला घेतल्या. एका मुलीनं नर्मदा बंगालच्या उपसागराला मिळवली होती. मी तिला बरोबरची खूण केली, हे मला घरी गेल्यावर दिसलं.

संक्रांत झाल्यावर काही दिवसांनी फुलवालीचा हुकूम हातात पडला. ती पेढ्यांचा पुडा घेऊन आली. उरलेले अडीच हजार तिनं कमरेच्या पिशवीतून काढले, थुंकी लावून मोजले आणि वकिलांच्या हातात दिले. हो, हातातच दिले, आणि वकिलांनी ते घेतले. मलाही तिनं पेढा दिला. "घ्या ताई. तुमचं बी हुईल." तो पेढा मी पर्समध्ये टाकला आणि मनात म्हटलं, खव्यापेक्षा साखरच जास्त दिसते. झेंडूच्या वेळचं खरं काय ते तेव्हा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. इथे लिहिते आहे, तेवढंच.

ती जिना उतरली आणि मी उठून थेट पार्टिशनच्या आत गेले. पर्समध्ये माझा कागद तयार होता. तेवीस तारखांचे पाच हजार सातशे पन्नास, कैफियतीचे दीड हजार, एकूण सात हजार दोनशे पन्नास, आणि अजून साक्षीपुराव्याला सुरुवातही नव्हती.

"मला एक समजावून सांगा," मी म्हटलं. आवाज चढला होता. "त्या बाईंना पाच हजारांत मोकळं केलंत. मला मात्र तारखेवारी. का? त्या फुलं आणतात म्हणून? की मी भाव करत नाही म्हणून?"

वकिलांनी चष्मा खाली घेतला. रागावले नाहीत. "मॅडम, त्यांचा खटला संमतीचा. दोन वेळा जायचं, मधे सहा महिने थांबायचं. तुमचा लढतीचा. दोन्हीची फी एक नसते."

"पण उक्ती तर असते! मला उक्तं का नाही सांगितलंत?"

वकिलांनी हातातलं पेन टोपण लावून ठेवलं. मग कारकुनाला म्हणाले, "मॅडमची फाइल आण."

त्यांची एक पद्धत होती. पहिल्या दिवशी प्रत्येकाला ते दोन्ही दर सांगायचे आणि त्यानं काय निवडलं ते त्याच्याच हातानं अर्ध्या कागदावर लिहून घ्यायचे. "आमच्याकडे लोक आधी नवऱ्याशी भांडतात," ते म्हणाले, "ते संपलं की वकिलाशी. म्हणून हा कागद." फाइलमध्ये सगळ्यांत खाली तो होता. माझं अक्षर. फळ्यावर लिहिते तसं गोल, सुवाच्य, शिरोरेघ सरळ.

'उक्ते रुपये सहा हजार नकोत. तारखेवारी रुपये अडीचशे मान्य. दोन-तीन तारखांतच प्रश्न मिटेल.'

खाली माझी सही.

"मी तुम्हाला म्हटलं होतं, लढतीचा खटला लांबतो, उक्तं स्वस्त पडेल," वकील म्हणाले. "तुम्ही म्हणालात, सहा हजार कशाला, दोन तारखांत ते घरी येतील. मी पुढे बोललो नाही."

"बोलायला हवं होतं."

"मॅडम, ही खोली चालवतोय त्याला वीस वर्षं झाली. संपवायला आलेलं माणूस उक्तं मागतं. परत न्यायला आलेलं माणूस तारखेवारी म्हणतं. त्याला काय समजवायचं?" त्यांनी चष्मा पुन्हा वर ढकलला. "तुम्ही पैसे मोजलेत. प्रत्येक वेळी निघताना तुम्ही कारकुनाला काय विचारता, ते मोजलंत का?"

मी काय विचारायचे ते मला माहीत होतं. पुढची तारीख कधी, हे विचारायचे. तेवीस वेळा विचारलं होतं. आणि तारीख लांबची पडली की मी चिडायचे, ते खटला रेंगाळतो म्हणून, असं मी सगळ्यांना सांगायचे.

पुढच्या तारखेला मी रोजची शाळेची साडी नेसून गेले. गजरा नाही, काही नाही. नवरा समोरच्या बाकावर होता. तो उठून जवळ आला.

"बरी आहेस ना?"

"आहे. एक विचारायचं होतं."

"विचार की."

"तुमच्या वकिलांना तुम्ही तारखेला किती देता?"

मी असं काही विचारीन असं त्याला वाटलं नव्हतं. त्यानं आपली पिशवी बाकावर ठेवली. मग नेहमीच्या स्टोअर्समधल्या सुरात म्हणाला, "मी तारखेला नाही देत. पहिल्याच दिवशी सगळे देऊन टाकले. नोटीस पाठवायच्या आधी."

"उक्ते?"

"हो, उक्तेच. आठ हजार. त्यांनी विचारलं होतं, मधे काही समेट-बिमेट झाला तर पैसे परत मिळणार नाहीत, चालेल का. मी म्हटलं, चालेल."

तो हे अगदी साधेपणानं म्हणाला. दुष्टपणा त्याच्यात कधी नव्हताच. कुठलीही वस्तू एकदम घेतलेली स्वस्त पडते, हे तो लग्नानंतर मला नेहमी समजावून सांगायचा. साबण डझनानं, तूरडाळ वर्षाची. मी मात्र लागेल तसं आणायचे.

मी बाकावर बसून राहिले. अख्खं वर्ष मी एका फुलवालीवर जळले होते. तिची खुर्ची धरली, तिचा बाजार बुडवला, तिच्या पेढ्याला नावं ठेवली. तिनं निदान भाव तरी केला होता, चारपासून सुरुवात तरी केली होती. ज्याच्यावर जळायला हवं होतं तो समोरच्या बाकावर बसायचा आणि मला वॉशर बदलायला सांगायचा. मी दर तारखेला अडीचशे देऊन आशा विकत घेत होते, आणि त्यानं आशेचा प्रश्न पहिल्याच दिवशी एकरकमी मिटवला होता. इतक्या खात्रीनं आपल्याला काही ठाऊक असावं, निदान एकदा, असं मला फार वाटलं. त्याच्या त्या खात्रीवर मी जितकी जळले तितकी आयुष्यात कशावरही जळले नाही.

"वॉशर बदललास का?" त्यानं विचारलं.

"बदलते," मी म्हटलं.

त्या दिवशीही मुदतच पडली. संध्याकाळी मी ऑफिसात गेले. आत जाऊन खुर्चीत बसले आणि म्हटलं, "संमतीचं करून टाका. त्यांचे वकील तयारच असतील. उरलेल्या कामाचं उक्तं सांगा."

वकिलांनी कपाळावरच्या चष्म्याला नुसता हात लावला. "दोन हजार."

"हजार."

"मॅडम?"

"ऐकलंत ते बरोबर आहे. कैफियत लिहून झालेली आहे, तीही मी पैसे दिलेली. नवं काय लिहायचंय? चार पानं. टायपिंग, तिकिटं, सगळं धरून हजार."

"अठराशे. माझा ज्युनिअर उपाशी मरेल."

"त्यानं माझ्या सहा तारखा खाल्ल्या आहेत. तो नाही मरत. बाराशे."

वकील हसले. त्या दिवशी माझ्यासाठी हसले. पंधराशेवर पटलं. ते म्हणाले, "वर शेवंतीही मिळणार नाही म्हणा."

"नाही मिळणार," मी म्हटलं.

कारकुनानं फाइल पुढे केली आणि तोच जुना अर्धा कागद काढला. मी माझ्या जुन्या ओळीवर काट मारायला पेन टेकवलं, तर वकील म्हणाले, "खोडू नका. खाली लिहा." मी खाली लिहिलं, 'उक्ते रुपये पंधराशे मान्य,' आणि सही केली. दोन्ही ओळींचं अक्षर सारखंच होतं.

पाकीट आणलं नव्हतं. पर्समधून साडेसातशे काढले, मोजले आणि वकिलांच्या हातात दिले. त्यांनी ते घेतले.

चपला घालत होते तेव्हा कारकून सवयीनं डायरी उघडून म्हणाला, "मॅडम, पुढची तारीख सांगून ठेवू?"

"नको," मी म्हटलं. "काम असलं की निरोप पाठवा."